समजून घ्या : गॅसचा वास नाही, गळती नाही, तरीही बाथरूममध्ये जीव का गुदमरतो?

थंडी वाढली की बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. ‘गॅस गळती झाली असेल’ असा अंदाज शेजारीपाजारी बांधतात. पण अनेकदा सिलिंडर, नळी, रेग्युलेटर सगळे ठीक असते. जीव घेणारा वायू सिलिंडरमध्ये नसतोच, तो गिझरच्या बर्नरवर तयार होतो.

बर्नरवर काय घडते?

घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. ही दोन्ही संयुगे आहेत, म्हणजे वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात जोडले जाऊन बनलेले पदार्थ. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. जळताना यातला एकही अणू नाहीसा होत नाही. जुने बंध तुटतात, नवे जुळतात, इतकेच.

प्रोपेनचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात. तेवढे मिळाले तर कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे २ अणू जोडले जातात. हा झाला कार्बन डायऑक्साइड, आपण उच्छ्वासातून सोडतो तोच. हायड्रोजनची वाफ होते. पण खिडकी बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी होत जातो. मग कार्बनच्या काही अणूंच्या वाट्याला ऑक्सिजनचा एकच अणू येतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

फरक फक्त एका अणूचा, पण रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास सुरू असतो, तरी शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही.

मग वास का येत नाही?

एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे संयुग मिसळतात. ज्योतीत तेही जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. त्यामुळे इथे नाकावर भरवसा ठेवून चालत नाही. करोनाकाळात घरोघरी आलेल्या साध्या ऑक्सिमीटरवरही नाही, कारण हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की हा वायू, हे त्याला ओळखता येत नाही. रुग्ण अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दिसू शकतो.

काय करावे?

गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे सर्वात सुरक्षित. तो आतच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच अंघोळीला जावे. पिवळी ज्योत दिसली तर बर्नर तपासून घ्यावा, मात्र निळी ज्योत म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे.

अंघोळ करताना डोके जड झाले, मळमळले किंवा गरगरले तर ‘पाणी जास्त गरम असेल’ म्हणून सोडून देऊ नये. लगेच मोकळ्या हवेत यावे. रुग्णालयात गेल्यावर घरात गॅस गिझर सुरू होता, हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे रक्ताची नेमकी तपासणी करता येते.