खाऱ्या हवेतला सीडी प्लेयर

अलिबागपासून रेवदंडा, मुरुडपर्यंत पावसाळा लागला की घरोघरी मिठाला पाणी सुटतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ती सहसा त्याच्या वरच असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हेच मीठ टीव्हीत, रेडिओत, अॅम्प्लिफायरमध्ये शिरतं, ओलं होतं आणि तांबं खायला लागतं. म्हणून इथे जुनं यंत्र बंद पडलं की ‘खारा वारा लागला’ म्हणायचं आणि भंगारवाल्याची वाट बघायची, अशी रीत पडली आहे.

घरातला १९९०च्या दशकातला सीडी प्लेयर त्या वाटेने जाऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. ट्रे बाहेर येत नव्हता आणि आत राहिलेली डिस्क यंत्राला दिसत नव्हती. मी या कामात अगदी नवखा. म्हणून एकच नियम धरला: बदलण्याआधी पुसायचं.

प्लग काढून यंत्र बराच वेळ तसंच ठेवलं, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मग झाकण उघडलं. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. आत धुळीचा चिकट थर होता, कनेक्टरच्या पिनांवर हिरवा कळंक चढला होता. मऊ ब्रशने धूळ झाडली, पिनांवर काँटॅक्ट क्लीनर मारला आणि प्रत्येक कनेक्टर दोन-चारदा काढून-घालून घट्ट बसवला.

ट्रे अडकण्याचं कारण रबरी पट्टा. वयाने तो सैल आणि गुळगुळीत होतो, मोटर फिरते पण पट्टा पुलीवर नुसता घसरतो. पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि त्याच मापाचा नवा पट्टा चढवला. ट्रे लगेच सरकला.

डिस्क न दिसण्याचं दुखणं समजून घ्यायला यंत्र नेमकं काय करतं ते माहीत हवं. ट्रे आत गेला की लेसरचा पिकअप डिस्कच्या आतल्या कडेखाली जातो. लेन्स वर-खाली हलून फोकस शोधते. चकाकत्या थरावरून प्रकाश नीट परतला तरच मोटर डिस्क फिरवते आणि गाण्यांची यादी वाचली जाते. फिरणारी डिस्क अर्ध्या मिलिमीटरपर्यंत डुलू शकते, आणि तरीही लेन्सला फोकस एक-दोन मायक्रॉनच्या आत धरून ठेवावा लागतो. डिस्कवरच्या माहितीच्या दोन शेजारच्या ओळींमधलं अंतर असतं १.६ मायक्रॉन. सेकंदाला ४४,१०० नमुने वाचणारी ही व्यवस्था १९८२ साली बाजारात आली. तिच्या लेन्सवर मिठाचा आणि धुळीचा पातळ पापुद्रा बसला, तरी एवढ्या बारकाईचं काम कोलमडतं.

कापसाच्या काडीला अल्कोहोलचा जेमतेम ओलावा लावून लेन्स मधून कडेकडे हलक्या हाताने पुसली. लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते, दाब द्यायचा नाही. पिकअप ज्या दांड्यावर सरकतो त्यावरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते काढून प्लॅस्टिकला चालणारं पांढरं ग्रीस अगदी थोडं लावलं. यंत्र चालू असताना लेन्समध्ये डोकवायचं नाही: लेसर ७८० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो. पिकअपवरचा बारीक पोटेन्शियोमीटर फिरवण्याचा मोहही टाळायचा. त्याने लेसरचा प्रवाह वाढतो, चार दिवस डिस्क वाचली जाते आणि मग लेसर कायमचा जातो.

डिस्क वाचली जाऊ लागली तेव्हा भीमसेन जोशींची अभंगवाणी लावली. स्वरांच्या मागे बारीक घरघर होती. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळले होते. सुट्या भागांसाठी मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईचा भाऊचा धक्का गाठला आणि तिथून लॅमिंग्टन रोड. पावसात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रोचाच आधार. कपॅसिटर घेताना तीन गोष्टी बघायच्या: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि तापमान १०५ अंशांचं. बसवताना कपॅसिटरवर पट्टी छापलेली बाजू ऋण. सोल्डरिंगचा सराव आधी एका मोडक्या रेडिओच्या बोर्डावर केला. सांधा तापला की सोल्डर आपोआप पसरतं आणि चकचकीत दिसतं, हे हाताला कळल्यावरच प्लेयरला हात लावला. घरघर गेली.

सुधारणा त्यानंतर. आउटपुटला आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप, म्हणजे ४५५८ जातीचा ऑप-अँप होता. त्याच्या जागी आठ पिनांचं सॉकेट बसवून ५५३२ घातला. दोघांच्या पिना सारख्याच असतात, त्यामुळे बोर्डात काही बदलावं लागत नाही. आवाज थोडा मोकळा झाला असं मला वाटतं. पण खरा फरक पडला तो स्वच्छ लेन्सने आणि नव्या कपॅसिटरने. नवख्या माणसाने पैसा आणि वेळ आधी तिथे घालावा.

कोकणातल्या कपाटांत असे प्लेयर अजून पडून आहेत. स्क्रूने उघडणारी, सुटे भाग बदलता येणारी ही यंत्रं आहेत, ती भंगारात घालू नका. झाकण उघडा, पुसा, पट्टा बदला. पुढे दर आठवड्याला तासभर तरी वाजवा: आतल्या उबेने ओलावा उडतो. समुद्राकाठी वापरातलं यंत्रच टिकतं.