बहिष्कृत ते प्रबुद्ध : वृत्तपत्रांच्या नावांचा एक विचार

वर्धा जिल्ह्यात अस्पृश्यतेच्या प्रश्नासंबंधी दोन निरनिराळ्या परिभाषा समोरासमोर आल्या. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांस खुले केले. पुढे १९३६ साली गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले. १९३३ साली पुण्याहून निघू लागलेल्या त्यांच्या साप्ताहिकाचे नाव 'हरिजन' असे होते. उलट शेजारच्या नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी १९१३ सालीच आपल्या पत्राला 'विटाळ विध्वंसक' हे नाव दिले होते. 'विटाळ' हा शब्द समजावून सांगण्याची कोणालाच गरज नव्हती. तो घरोघरचा होता.

पत्राचे नाव हीच त्याची पहिली घोषणा असते. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशा समाजात तर मजकुरापेक्षा नावच दूरवर पोचते. म्हणून या नावांची व्याकरणदृष्ट्या फोड करून पाहणे निरर्थक ठरू नये.

'अस्पृश्य' हे कृत्यप्रत्ययान्त रूप आहे. 'स्पर्श करण्यास अयोग्य' असा त्याचा अर्थ, आणि त्यात दोष त्या माणसाच्याच अंगी लावलेला आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली 'मूकनायक' काढले आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. 'बहिष्कृत' हे क्तप्रत्ययान्त कर्मणी रूप होय. ते उच्चारताच 'कोणी बहिष्कृत केले?' हा प्रश्न उभा राहतो. 'दलित' या शब्दाचेही तसेच. दळणारा वाक्यात नसला तरी शब्दात असतो. 'हरिजन' या तत्पुरुष समासात मात्र असा कर्ता कोठेच नाही. हा शब्द आपणास एका अस्पृश्य पत्रलेखकानेच सुचविला, असे गांधीजींनी नमूद केले आहे, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अन्याय करणाराचा मागमूस ज्यात उरत नाही, असे नाव अन्याय सोसणाऱ्यांस अपुरे वाटावे, हे स्वाभाविकच होते. १९३८ साली मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याच्या प्रश्नावरून आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. एका शब्दासाठी एवढे, असे तेव्हा अनेकांस वाटले असेल. व्याकरणाच्या अभ्यासकास तसे वाटू नये.

पुढे १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'दलित पँथर'ने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेतले. त्यातही 'दलित' हे कर्मणी रूप तसेच ठेवले.

याहून सूक्ष्म फरक १९५६ सालचा आहे. त्या वर्षी 'जनता' पत्राचे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले आणि ऑक्टोबरात, वर्ध्यापासून फार दूर नसलेल्या नागपुरात, धर्मांतर घडले. 'प्रबुद्ध' हेही क्तप्रत्ययान्तच. पण येथे प्रत्यय कर्तरी आहे. बहिष्कृत करणारा दुसरा असतो. प्रबुद्ध होणारा स्वतःच जागा होतो.