पिक्सीच्या पत्त्यांतल्या बायका

टॅरोचे जे पत्ते आज जगात सगळ्यांत जास्त ओळखीचे आहेत, तो ७८ पत्त्यांचा संच लंडनमध्ये १९०९ च्या डिसेंबरात निघाला. पुढे तो नावारूपाला आला प्रकाशक रायडर आणि गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या नावांनी. चित्रं काढली होती पामेला कोलमन स्मिथनं. तिच्या पदरी एकरकमी मोबदला पडला, तोही किरकोळ. पत्त्याच्या कोपऱ्यात आद्याक्षरं एकमेकांत गुंफून केलेली सही तेवढी तिनं सोडली नाही.

लंडनमध्ये १८७८ साली जन्मलेल्या पामेलाचं बालपण काही काळ जमैकात गेलं. तिला ‘पिक्सी’ हे लाडाचं नाव दिलं रंगभूमीची सम्राज्ञी एलन टेरीनं. केंटमधल्या स्मॉलहाइदला टेरीचं जुनं लाकडी घर होतं, भोवती बाग आणि शेतं. टेरीची मुलगी इडिथ क्रेग नाटकं बसवायची, वेशभूषा करायची. पिक्सी तिच्याबरोबर काम करायची. इडिथ १८९९ पासून लेखिका क्रिस्टाबेल मार्शलसोबत राहत होती. क्रिस्टाबेल स्वतःला ख्रिस्तोफर सेंट जॉन म्हणवून घेई. दोघींचा हा संसार इडिथच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४७ पर्यंत टिकला. बायकाबायकांच्या प्रेमाला गुन्हा ठरवणारं कलम १९२१ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेनं मंजूरही केलं होतं. लॉर्ड्सनी ते फेटाळलं, पण उदारपणे नव्हे. कायदा केला तर ज्या बायकांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल, ही धास्ती!

अशा मंडळींत वावरणाऱ्या चित्रकर्तीच्या पत्त्यांत बायका घरात फारशा बसत नाहीत, यात नवल नाही. ‘तारा’ या पत्त्यावरची विवस्त्र स्त्री तळ्याकाठी एक गुडघा टेकून, एक पाऊल पाण्यावर ठेवून दोन सुरया रित्या करते आहे. ही रचना जुन्या फ्रेंच संचांतून आलेली. पिक्सीची खरी कमाई मात्र छोट्या अंकांच्या पत्त्यांत दिसते. त्याच जुन्या फ्रेंच, म्हणजे मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांवर तिथं नुसते पेले नि नाणी मांडलेली असत. तिनं तिथं माणसं आणली. तीन पेल्यांच्या पत्त्यात तीन बायका फळाभोपळ्यांच्या गर्दीत पेले उंचावून फेर धरतात, एकमेकींच्या इतक्या जवळ की कोणता हात कुणाचा हे क्षणभर कळत नाही. नऊ नाण्यांच्या पत्त्यात द्राक्षमळ्यात एकटीच उभी आहे एक बाई. अंगात फुलाफुलांचा पायघोळ झगा, हातमोज्यावर डोळे झाकलेला ससाणा, पायाशी गोगलगाय. कुणाची वाट पाहत असल्याची खूण चित्रात नाही. हे सुख अंगानं भोगायचं आहे, आणि ते तिच्या मालकीचं आहे.

इडिथ आणि क्रिस्टाबेलच्या संसारातली तिसरी बाई, चित्रकार क्लेअर ॲटवुड, आली १९१६ मध्ये. तीन पेल्यांचा पत्ता तिच्याआधी सात वर्षं काढून झालेला! त्या पत्त्यात या तिघींचं भाकीत शोधण्याचा मोह टाळलेला बरा.

पिक्सी १९११ मध्ये कॅथलिक झाली. पहिल्या महायुद्धानंतर वारशाच्या पैशांवर तिनं कॉर्नवॉलमध्ये घर घेतलं, तिथं कॅथलिक धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालवलं. चित्रांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. शेवटची कितीतरी वर्षं ती नोरा लेक या मैत्रिणीसोबत राहिली. १९५१ मध्ये ब्यूड इथं तिचं निधन झालं. होतं नव्हतं ते तिनं नोराच्या नावे ठेवलं होतं, पण सामान विकून देणी भागवावी लागली.

टॅरोच्या पत्त्यांना पुन्हा बायकांच्या शरीराची ओढ लागली ती कॅलिफोर्नियात. बर्कलीमध्ये विकी नोबल आणि कॅरन व्होगेल यांनी १९७८ च्या सुमारास ‘मदरपीस’ संचाची चित्रं सुरू केली आणि १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पत्ते गोल, त्यांवर नाचणाऱ्या, उघड्यावर निवांत बसलेल्या बायका. या संचाचं श्रेय मात्र चित्रं काढणाऱ्या दोघींकडेच राहिलं.