रंगभूमीवरून बोलपटाकडे : ‘ॲना ख्रिस्ती’

ध्वनिमुद्रणाची सोय होताच हॉलिवूडच्या चित्रसंस्थांनी तयार संवादांच्या लोभाने अनेक नाटके विकत घेतली. पण ज्यांना पडद्यावर येण्यासाठी आवाजाची खरोखरच गरज होती अशी नाटके त्यांत थोडी होती, आणि युजीन ओनील यांचे ‘ॲना ख्रिस्ती’ हे त्यांपैकी एक होय. २ नोव्हेंबर १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हँडरबिल्ट थिएटरात रंगभूमीवर आलेल्या या चार अंकी नाटकाला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. समुद्राला आपल्या घराण्याचा वैरी मानणारा ख्रिस हा स्वीडिश खलाशी कोळसा वाहणाऱ्या पडावावर म्हातारा झाला आहे. समुद्रापासून दूर राहावी म्हणून मिनेसोटातील शेतकरी नातलगांकडे ठेवलेली त्याची मुलगी अनेक वर्षांनी त्याच्याकडे येते, आणि तिथे आपली काय दशा झाली, हे ती बापापासून व मॅट बर्क या आयरिश खलाशी प्रियकरापासून लपवून ठेवते.

१९२३ साली याच नाटकावर मूकपट निघाला होता, तरी १९३० च्या बोलपटामागे मेट्रो-गोल्डविन-मेयर संस्थेची निराळी अडचण होती. परकी उच्चारांमुळे मूकपटाचे नट मागे पडत असताना ग्रेटा गार्बो या स्वीडिश नटीला बोलते कसे करावे, या प्रश्नाला स्वीडिश नायिका हे सोयीचे उत्तर वाटले. नाटकात मात्र ॲना पाच वर्षांची असतानाच अमेरिकेत आलेली असून तिची भाषा अस्सल अमेरिकी बोलीची आहे. परके उच्चार आहेत ते बापाचे. गार्बोचा जड, खोल स्वर मूळ पात्राला तंतोतंत जुळत नाही, परंतु त्यामुळे ॲना कुठेच रुजू न शकलेली स्त्री वाटते, आणि हा लाभ नाटकाच्या संहितेत नव्हता.

दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राउन यांनी तिचा प्रवेश सुमारे पाव तास लांबवला आहे. बंदरावरील दारूच्या गुत्त्यात आधी म्हातारा ख्रिस आणि त्याची सोबतीण मार्थी यांचे बोलणे रंगते, मग दार उघडून ॲना येते, खुर्चीत बसते आणि व्हिस्की मागते. ही रचना ओनील यांचीच आहे. मात्र ‘गार्बो बोलते’ एवढ्याच घोषणेने चित्रगृहात खेचलेल्या प्रेक्षकासाठी तिला नवा अर्थ आला. त्या काळी कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात उतरू नये म्हणून तो आवरणात बंद करावा लागे, आणि ध्वनिग्राहकाचा, म्हणजे मायक्रोफोनचा, पल्लाही बेताचाच असल्याने नटांना फार हिंडता येत नसे. एका टेबलाभोवती घडणाऱ्या या प्रवेशाला ती मर्यादा जाचत नाही, पण पडावावरील प्रवेशांत तोच स्थिरपणा जड होतो.

खरी कसोटी ॲनाच्या कबुलीजबाबाची आहे. शेतावर चुलतभावाने केलेला अत्याचार, नंतरचे वेश्यागृह, हे सारे पडदा उघडण्यापूर्वीच घडून गेलेले असते; नाटकात ते दाखवले जात नाही, ॲना ते दोन पुरुषांच्या तोंडावर सांगते, आणि सांगता सांगता आपल्यावर मालकी सांगण्याचा दोघांचाही हक्क नाकारते. मूकपटाला असे सांगणे पाट्यांवर, म्हणजे मधूनमधून येणाऱ्या लिखित मजकुरावर, सोपवावे लागे. बोलपटात दम लागणे, स्वर चढणे आणि मध्येच खचणे हीच घटना होते. बोलपटाने नाटकाचे नुसते चित्रण केले, हा त्या काळातील चित्रपटांवरचा सरसकट आक्षेप निदान या प्रवेशाला लागू पडत नाही.

पटकथाकार फ्रान्सिस मॅरियन यांनी बदल मोजकेच केले. नाटकात पहिल्या अंकानंतर नाहीशी होणारी मार्थी त्यांनी कोनी आयलंडच्या जत्रेत पुन्हा आणली, आणि मारी ड्रेसलर यांनी त्या थोड्या वेळात जुन्या ओळखीचे संकट व माया दोन्ही उभी केली. ख्रिसची भूमिका करणारे जॉर्ज मॅरियन यांनी ती १९२१ च्या प्रयोगात आणि १९२३ च्या मूकपटातही केली होती. त्यांच्या अभिनयातला रंगमंचीय ठसठशीतपणा जवळच्या चित्रणात काहीसा अतिरेकी दिसतो.

ध्वनिपट्टीवर दुसऱ्या भाषेतील संवाद चढवण्याचे तंत्र तेव्हा कच्चे असल्यामुळे परदेशांसाठी तोच चित्रपट पुन्हा चित्रित करण्याची पद्धत होती. प्रभात कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी व हिंदी अशा दोन भाषांत केला, तो याच पद्धतीने. ‘ॲना ख्रिस्ती’ची जर्मन आवृत्ती जाक फेदेर यांनी केली, तीत नायिका गार्बोच असून मार्थीचे काम साल्का फिअर्टेल यांनी केले. जर्मन ॲना अधिक मळकी, अधिक थकलेली आहे, आणि गार्बोचा अभिनय तीत अधिक मोकळा वाटतो. इंग्रजी चित्रपटाला या भूमिकेसाठी गार्बोचे आणि दिग्दर्शनासाठी ब्राउन यांचे ऑस्कर नामांकन मिळाले असले, तरी ओनील यांच्या ॲनाच्या जवळ जाते ती फेदेर यांचीच आवृत्ती.