लोकप्रियतेची टक्केवारी

राज्यकर्त्याची लोकप्रियता टक्क्यांत मोजण्याची पद्धत अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः जॉर्ज गॅलप यांच्याकडे जाते. १९३६ च्या निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करूनही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हरतील असे सांगितले, तर गॅलप यांनी त्या मानाने फारच लहान नमुन्यावरून त्यांच्या विजयाचे अचूक भाकीत केले. साप्ताहिकाच्या याद्यांत टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांचा भरणा होता, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेच तेवढे मोजले गेले. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ते शीत पातेल्यात कुठूनही उचलले जाण्याची सारखीच शक्यता असावी लागते, आणि यालाच यादृच्छिक नमुना म्हणतात. असा नमुना साधारण हजार जणांचा असला, तर नमुन्यामुळे येणारी चूक बहुधा तीन टक्क्यांच्या आत राहते. म्हणून एका-दोन टक्क्यांच्या चढउतारावर मोठे मथळे देणे अनुचितच होय.

गॅलप यांच्या संस्थेचा प्रश्न साधा असे: राष्ट्राध्यक्ष ज्या रीतीने काम करीत आहेत, ती आपल्याला पसंत आहे की नापसंत? ही पसंती म्हणजे मत देण्याचे वचन नव्हे, हे फार महत्त्वाचे आहे. आखाती युद्धानंतर, १९९१ च्या आरंभी, थोरल्या जॉर्ज बुश यांना ८९ टक्के लोकांची पसंती होती. त्यानंतर अर्थव्यवस्थेची चिंता वाढत गेली आणि १९९२ च्या नोव्हेंबरात बिल क्लिंटन यांनी त्यांचा पराभव केला.