लुईझियानाचा सौदा आणि हैतीचे रणांगण

इ.स. १८०३ च्या एप्रिल महिन्यात, ११ तारखेस, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांनी अमेरिकेचे पॅरिसमधील वकील रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांस जेव्हा अकस्मात विचारले की, अवघा लुईझियाना प्रांत घ्यावयाचा झाल्यास तुमचे सरकार काय किंमत देईल, तेव्हा न्यू ऑर्लिन्स बंदर आणि फ्लोरिडाची किनारपट्टी एवढ्यापुरताच ज्यांचा अखत्यार होता त्या वकिलांपुढे अर्ध्या खंडाचे भवितव्य येऊन ठाकले. ३० एप्रिलच्या तहान्वये सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा मुलूख दीड कोटी डॉलरांस अमेरिकेकडे आला आणि त्या कोवळ्या राष्ट्राचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला.

अध्यक्ष जेफर्सन यांचा हेतू मर्यादित होता. मिसिसिपीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचा माल न्यू ऑर्लिन्सच्या वखारीत उतरविण्याची मुभा तेथे अद्याप कारभार पाहणाऱ्या स्पॅनिश अंमलदाराने १८०२ च्या ऑक्टोबरात काढून घेतली होती, आणि तो दरवाजा कायमचा उघडा राहावा एवढीच त्यांची निकड होती. परमुलूख खरेदी करण्याचा अधिकार संविधान देत नाही, असे प्रामाणिकपणे मानणाऱ्या या गृहस्थांनी दुरुस्तीचा मसुदाही लिहून काढला. परंतु विलंब झाल्यास नेपोलियनचे मन फिरेल या भीतीने त्यांनी आपली शंका गिळली.

मग नेपोलियनने मुलूख विकला का? इंग्लंडशी युद्ध पुन्हा जुंपणार होते आणि पैसा हवा होता, हे उत्तर खरे असले तरी माझ्या मते अपुरे आहे. लुईझियानाचे धान्य व लाकूड यांवर पोसला जाणारा कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग, म्हणजेच पुढे हैती झालेली फ्रेंच वसाहत, हा साखरेचा टापू त्याच्या योजनेचा प्राण होता. आणि तेथे १७९१ च्या ऑगस्टात पेटलेल्या गुलामांच्या उठावातून तूसँ लूवेर्त्यूर नावाचा, एके काळी स्वतः गुलाम असलेला असामान्य सेनापती उदयास आला होता. फ्रान्सने १७९४ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी नेपोलियनने १८०२ च्या मे महिन्यात आपल्या वसाहतींत पुन्हा कायदेशीर ठरविली. तूसँला दग्याने पकडून फ्रान्सला नेण्यात आले. पण ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत बेड्या परत आल्याची वार्ता पोहोचताच शरण गेलेले लोकही पुन्हा शस्त्र घेऊन उठले. बेट ताब्यात आणण्यासाठी आलेली फ्रेंच फौज पीतज्वराने पोखरली, आणि तिचा सेनापती, नेपोलियनचा मेहुणा लक्लेर्क, त्याच ज्वराने नोव्हेंबरात मरण पावला. बेटच हातचे गेल्यावर त्याला पोसणारा मुलूख कशासाठी ठेवायचा? तूसँने ज्यूरा पर्वतातील फोर द झू किल्ल्याच्या थंड कोठडीत ७ एप्रिल १८०३ रोजी, म्हणजे तालेराँच्या त्या प्रश्नाच्या अवघे ४ दिवस आधी, देह ठेवला.

पुन्हा कोणाचे गुलाम व्हावयाचे नाही, याखेरीज दुसरा हेतू नसलेल्या या माणसांनी अमेरिकेच्या पदरात असे साम्राज्य टाकले, आणि त्याच नव्या भूमीत ऊस-कापसाच्या मळ्यांवर गुलामगिरी फोफावली, हे वाचताना मन विषण्ण होते. १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झालेल्या हैतीशी व्यापार करण्यास जेफर्सन यांच्याच कारकिर्दीत, १८०६ मध्ये, बंदी झाली. लुईझियानाच्या भूमीचे ६ कोटी फ्रँक घेणाऱ्या फ्रान्सने १८२५ मध्ये आरमार पाठवून, माजी मालकांची नुकसानभरपाई म्हणून या लहानशा देशावर १५ कोटी फ्रँकांची खंडणी लादली. आणि अमेरिकेने हैतीला राजमान्यता दिली ती १८६२ मध्ये, लिंकन यांच्या कारकिर्दीत, यादवी युद्धामुळे दक्षिणेतील गुलाममालकांचे प्रतिनिधी काँग्रेसमधून उठून गेल्यानंतर.