शयनगृहातील पंखा : प्रकृती की विकृती?

'मला पंखा लागतो आणि हिला तो सोसत नाही', हे वाक्य चिकित्सालयात बहुधा हसतहसतच उच्चारले जाते. मुख्य तक्रार सांगून झाल्यावर, जाता जाता दांपत्य हा घरगुती खटला वैद्यांपुढे मांडते. निवाडा कोणाच्या बाजूने द्यावा, हा प्रश्न गौण आहे. या एका वाक्यामागे दोन निरनिराळ्या अवस्था असू शकतात. त्यांतील भेद ओळखणे हे आपले कर्तव्य आहे.

पहिली अवस्था प्रकृतीची. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वातल व्यक्तीस शीत आणि पित्तल व्यक्तीस उष्ण सहन होत नाही, असे सांगितले आहे. वायूचा शीत गुण व पित्ताचा उष्ण गुण हे त्याचे कारण. एकाच खोलीत निजणाऱ्या वातल व पित्तल जोडीदारांपैकी प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या देहापुरते खरेच असते. किंग्मा व व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या संशोधकांनी २०१५ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात दाखवून दिले की, कार्यालयांतील तापमानाचे प्रचलित मानक सरासरी पुरुषाच्या चयापचयावर बेतलेले असून स्त्रीदेहातील उष्णतानिर्मिती त्यात प्रत्यक्षाहून अधिक धरली जाते. तथापि थंडी न सोसणे हा स्त्रीस्वभाव मानू नये. वातल पती व पित्तल पत्नी अशी जोडपीही आपणांकडे येतातच.

या भेदात ऋतूची भर पडते. शरदात पित्त प्रकुपित होते. ऑक्टोबरच्या उकाड्याने पित्तल माणूस हैराण होतो. पहाटे मात्र दव पडू लागलेले असते. निजताना पूर्ण वेगाने सोडलेला पंखा पहाटे वातल जोडीदारास बाधतो आणि सकाळी शिंका, मान आखडणे, सांधे जखडणे या तक्रारी सुरू होतात.

दुसरी अवस्था विकृतीची, आणि तीच हातून निसटण्याचा धोका अधिक. येथे एकच प्रश्न निर्णायक ठरतो : 'हे केव्हापासून?' आमच्याकडे आलेल्या एका चाळिशीतील भगिनींना घरची मंडळी 'नाजूक' म्हणून चिडवीत असत. लग्नानंतरची पंधरा वर्षे त्या पंख्याखालीच निजत होत्या, थंडी वाजणे गेल्या वर्षभरातले, हे विचारल्यावरच कळले. त्वचा रुक्ष, मलावष्टंभ, केस गळणे, आहार न वाढता वाढलेले वजन, ही लक्षणे जुळल्यावर रक्ततपासणी करविली. टीएसएच बरेच वाढलेले आढळले आणि पुढील उपचारांची दिशा ठरली. केवळ वातप्रकृती म्हणून त्यांची बोळवण झाली असती, तर व्याधी वाढत राहिला असता.

प्रकृती जन्मापासूनची असते. चाळिशीत नव्याने उद्भवलेली शीतासहिष्णुता तिच्या खात्यावर टाकता येत नाही. अशा वेळी पांडू व थायरॉइडची मंदता यांचा विचार अवश्य करावा. उष्णता नव्याने असह्य होऊ लागली, सोबत वजन घटत असेल, छातीत धडधड व हातांना कंप असेल, तर थायरॉइडची अतिक्रिया शोधावी. चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रीस अचानक अंगातून वाफा येत असतील, तर रजोनिवृत्तीचा काळ ध्यानी घ्यावा. पाय पांघरुणाबाहेर काढून पंख्याखाली धरणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा पाहावी. तो पाददाह मधुमेहजन्य असू शकतो.

विकृती नाही असा निर्णय झाल्यावरच घरातील व्यवस्थेकडे वळावे. ग्रीष्मात शीतगृह आणि हेमंतात उबदार गर्भगृह असा ऋतुविचार चरकाचार्यांनी केला आहे. आज एकाच खोलीत दोन प्रकृतींची सोय लावावयाची आहे. दोघांची पांघरुणे वेगळी असावीत. वातल व्यक्तीने पंख्याच्या थेट झोतापासून दूर निजावे, निजण्यापूर्वी कोमट तिळतेलाने पादाभ्यंग करावे. पित्तल व्यक्तीने रात्रीचे जेवण लवकर घ्यावे, त्यात तिखट-आंबट कमी ठेवावे, वाळ्याचे पाणी प्यावे. घरात एसी असल्यास तो अठरावर ठेवण्याऐवजी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवून पंखा मंद सोडावा. भारतात तारांकित खोली-एसींसाठी २४ अंश हे मूळ तापमान १ जानेवारी २०२० पासून बंधनकारक झाले आहे. त्यात वीज वाचविण्याचा हेतू आहे, पण वातल जोडीदाराचीही सोय आहे.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. 'उष्णता झाली आहे' म्हणून कामदुधा वा प्रवाळपिष्टी मागणारे, किंवा 'थंडी सोसत नाही' म्हणून अश्वगंधा नेणारे ग्राहक आपल्याकडे नित्य येतात. पुडी बांधण्यापूर्वी 'केव्हापासून?' एवढे विचारावे. उत्तर 'लहानपणापासून' नसून 'काही महिन्यांपासून' असे आले, तर त्यास आधी वैद्यांकडे पाठवावे. एका पुडीची विक्री पुढे ढकलली जाईल. एखाद्याचा व्याधी मात्र वेळेत हाती लागेल.